‘तुमचा ब्राउझर चालत नाही’ असं साईट म्हणाली, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो, पान उघडतं आणि समोर एकच वाक्य येतं: हा ब्राउझर सपोर्टेड नाही, क्रोम वापरा. यावर बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. पानावरचं ‘अपडेट’ बटण दाबतात, कुठून तरी जुना ब्राउझर उतरवून घेतात, नाहीतर ब्राउझरची ओळख बदलणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजेच ॲड-ऑन) टाकतात आणि विसरून जातात. पहिल्या दोन गोष्टी कधीच करू नयेत. तिसरी चालते, पण तिची पाळी पाचवी आहे.

खालचा क्रम फायरफॉक्स, सफारी, विवाल्डी वापरणाऱ्यांसाठी आहे, तसाच जुन्या विंडोजवर किंवा जुन्या फोनवर अडकलेल्यांसाठीही. मेनूंची नावं इंग्रजी ब्राउझरमध्ये दिसतात तशी दिली आहेत. तुमचा ब्राउझर मराठीत असेल तर शब्द बदलतील, जागा साधारण तीच राहील.

तयारी

सुरुवात करण्याआधी दोन-तीन गोष्टी हाताशी ठेवा. फॉर्ममध्ये लिहायचा लांब मजकूर नोटपॅडमध्ये लिहून ठेवा, कारण पुढच्या टप्प्यांत पान वारंवार नव्याने उघडावं लागेल आणि अर्धवट भरलेलं पुसलं जाईल. नकाराच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वरचा पत्ता दिसला पाहिजे. लॉगिनचा पासवर्ड आठवतोय का ते पाहा. ब्राउझरने तो जपून ठेवला असेल तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये तो आपोआप येणार नाही.

सावधान: पैसे भरण्याच्या पानावर असाल तर यातलं काहीही करू नका. आधी व्यवहार पूर्ण होऊ द्या किंवा रद्द करा, खात्यातून रक्कम गेली का ते पाहा, मगच पुढे जा.

टप्पा १: नकार कोण देतंय ते ओळखा

नकार तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. सगळा घोळ होतो तो हे न ओळखल्यामुळे.

पहिला, नावावरून नकार. पान उघडताक्षणी नीटनेटका संदेश येतो, बहुधा क्रोमचं चिन्ह आणि उतरवून घ्यायची लिंक असते. इथे साईटने तुमच्या ब्राउझरची कुवत तपासलेलीच नसते. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत ‘युझर एजंट’ नावाची एक ओळ पाठवतो, तीत त्याचं नाव आणि आवृत्ती असते. ती वाचून साईटने दार लावलेलं असतं. ही पद्धत किती ढिसाळ आहे याचा नमुना म्हणजे फायरफॉक्स ११० ते ११९. या आवृत्त्यांनी त्या ओळीतला एक आकडा मुद्दाम १०९ वरच गोठवून ठेवला होता, कारण ११० मधले पहिले दोन अंक पाहून काही साईट त्याला इंटरनेट एक्सप्लोरर ११ समजत. विवाल्डीने तर डिसेंबर २०१९ मध्ये त्या ओळीतून स्वतःचं नावच काढून टाकलं.

दुसरा, कुवतीवरून नकार. संदेश वगैरे काही नाही. पांढरं पान, फिरत राहणारं चक्र, नाहीतर दाबूनही न दबणारं बटण. साईटच्या कोडमध्ये असं काहीतरी आहे जे तुमच्या ब्राउझरला कळतच नाही.

तिसरा, उंबरठ्यावरचा नकार. इथे बोलते ती साईट नाही, तुमचाच ब्राउझर: ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, ‘प्रमाणपत्राची (साईटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) मुदत संपली’. याचा ब्राउझरच्या लोकप्रियतेशी काही संबंध नाही. दोष घड्याळाचा, जुन्या सिस्टिमचा किंवा साईटच्याच प्रमाणपत्राचा असतो.

तपासणी: संदेशाचं पान नीट पाहा. त्यावर साईटचं स्वतःचं चिन्ह आणि रंगसंगती असेल तर नकार साईटचा. पत्त्याच्या पट्टीत इशाऱ्याचं चिन्ह आणि पानभर राखाडी मजकूर असेल तर तो ब्राउझरचा.

सावधान: पानावरच ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, इथून अपडेट करा’ असं बटण असेल आणि दाबल्यावर एखादी झिप किंवा जेएस फाईल उतरली, तर ती उघडू नका. खोट्या ब्राउझर-अपडेटच्या नावाखाली व्हायरस घुसवणं हा जुना, आजही चालणारा धंदा आहे. ब्राउझर नेहमी त्याच्या स्वतःच्या मेनूतून किंवा प्ले स्टोअरमधून अपडेट करायचा.

टप्पा २: घड्याळ, आवृत्ती, मशीन

याच क्रमाने.

घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन सुरू करताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि प्रत्येक सुरक्षित साईट उंबरठ्यावरच अडते. तारीख दुरुस्त करा. पुढच्या वेळी पुन्हा मागे गेली तर सेल बदला.

आवृत्ती. फायरफॉक्समध्ये मेनू, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. क्रोममध्ये तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम. हे पान उघडलं की अपडेटचा शोध आपोआप सुरू होतो. तो संपेपर्यंत थांबा आणि ‘रीस्टार्ट’ दाबा. नुसतं उतरवून उपयोग नाही, रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच आवृत्ती चालू असते.

मशीन. ‘अपडेट आहे, तरी साईट जुनं म्हणते’ ही तक्रार इथून येते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ ही शेवटची आवृत्ती. जानेवारी २०२३ नंतर तिथे नवं काही आलं नाही. या मशीनवर फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळली जाणारी) शाखा चालते. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मुदत वाढवत वाढवत मिळत गेल्या, नवी वैशिष्ट्यं मात्र नाहीत. अँड्रॉइड ८ आणि ९ वर क्रोम १३८ शेवटचा. अशा मशीनवर ‘ब्राउझर अद्ययावत आहे’ याचा अर्थ ‘या सिस्टिमवर यापुढे काही मिळणार नाही’ एवढाच.

फायरफॉक्सची १२८ च्या आधीची आवृत्ती असेल, किंवा ईएसआर शाखेत ११५.१३ च्या आधीची, तर ती तशीच ठेवू नका. तिच्यातलं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. त्यानंतर अशा आवृत्त्यांत ॲड-ऑन आणि कॉपीराइट-संरक्षित व्हिडिओ यांचं गाडं अडतं.

आयफोन आणि आयपॅडवर एक मोठा गैरसमज आहे. सफारीत साईट चालली नाही म्हणून लोक ॲप स्टोअरमधून क्रोम घेतात. युरोपीय संघ आणि जपानमधली सवलत सोडली तर ॲपलच्या फोनवर प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट इंजिन (पान उभं करणारा ब्राउझरचा गाभा) वापरावं लागतं. म्हणजे नाव क्रोमचं, आतलं इंजिन सफारीचं. कुवतीवरून नकार असेल तर तिथे ब्राउझर बदलून काही साधत नाही. आयओएस अपडेट करणं किंवा संगणकावर जाणं, हेच उरतं.

टप्पा ३: अडथळे एकेक करून काढा

आता ब्राउझर ताजा आहे, तरी साईट नाही म्हणते किंवा अर्धवट चालते. इथे लोक प्रायव्हेट विंडो उघडून बघतात आणि ‘तिथेही नाही चाललं’ म्हणून पुढे जातात. फायरफॉक्सच्या प्रायव्हेट विंडोत एक्स्टेन्शन बंद असतात खरी, पण ट्रॅकिंगविरोधी संरक्षण नेहमीपेक्षा कडक असतं. म्हणून तिथे साईट चालली तर काहीतरी कळतं, नाही चालली तर काहीच कळत नाही.

त्याऐवजी असं करा. पहिल्या तीन पायऱ्यांतली नावं फायरफॉक्समधली आहेत.

१. पत्त्याच्या डावीकडचं ढालीचं चिन्ह दाबा आणि फक्त त्या साईटसाठी संरक्षण बंद करा. पान नव्याने उघडा. लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनच्याच पानावर येणं हे या अडथळ्याचं हमखास लक्षण. लॉगिन एका डोमेनवर आणि काम दुसऱ्यावर असेल तर मधली कुकी (साईट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) अडते. सफारी २०२० पासून इतर डोमेनच्या कुकी पूर्ण अडवतो, फायरफॉक्स २०२२ पासून त्या प्रत्येक साईटसाठी वेगळ्या डब्यात ठेवतो.

२. हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड चालू करा. यात सगळी एक्स्टेन्शन तात्पुरती बंद होतात. साईट चालली तर बाहेर येऊन एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत दोषी शोधा. सुरुवात जाहिरात अडवणाऱ्यापासून करा.

३. व्हिडिओची साईट असेल तर सेटिंग्ज, जनरलमध्ये ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ ही कॉपीराइट-संरक्षित व्हिडिओ चालवायची चौकट पाहा. लिनक्सवर ती बऱ्याचदा रिकामी असते आणि साईट मात्र ‘ब्राउझर सपोर्टेड नाही’ असं सांगून मोकळी होते.

४. मोबाईलवर लिंक एखाद्या ॲपच्या पोटात उघडली आहे का ते पाहा. इन्स्टाग्राम, फेसबुकसारखी ॲप स्वतःचाच छोटा ब्राउझर उघडतात. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ निवडा. मोबाईलवरचे कितीतरी नकार एवढ्यानेच मिटतात.

फायरफॉक्समध्ये पूर्वी कधी ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ (साईटना तुमचा माग काढू न देणारी सोय) चालू केलं असेल तर ते आठवा. ते तुमचा टाइमझोन भारतीय वेळेऐवजी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवतं, म्हणजे साडेपाच तास मागे. मग अपॉइंटमेंटच्या वेळा चुकीच्या दिसतात आणि दोष साईटला लागतो.

तपासणी: चालू-बंद केलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहिली का? पाच गोष्टी एकदम बदलून साईट चालली तर कशाने चालली ते कळत नाही, आणि पाचही गोष्टी कायमच्या तशाच राहून जातात.

टप्पा ४: कन्सोलमधली पहिली लाल ओळ

हा टप्पा लोक घाबरून वगळतात. खरं तर दोन मिनिटांचं काम आहे. एफ१२ दाबा, ‘कन्सोल’ टॅब (पानाच्या कोडमधल्या चुका इथे दिसतात) उघडा, पान नव्याने उघडा. लाल ओळी भरपूर येतील. सगळ्या वाचू नका, पहिली खरी चूक शोधा. ‘ब्लॉक्ड’ म्हणणाऱ्या ओळी जाहिरात अडवल्याच्या असतात, त्या सोडा.

‘सिंटॅक्स एरर’ असेल तर ब्राउझरला कोडची भाषाच कळलेली नाही. म्हणजे ब्राउझर जुना आहे आणि ओळख बदलून काही होणार नाही. नव्या साईटच्या कोडमध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब अशी एक जोडी सर्रास असते; ती क्रोमला ८० पासून, फायरफॉक्सला ७४ पासून आणि सफारीला १३.१ पासून कळते. त्याआधीच्या ब्राउझरमध्ये त्या एका जोडीने अख्खं पान पांढरं होतं.

‘इज नॉट अ फंक्शन’ किंवा ‘इज नॉट डिफाइन्ड’ असेल तर त्या आधीचा शब्द कॅन आय यूज या साईटवर शोधा. कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून ती सोय आहे, हे तिथे तक्त्यात दिसतं. वेब-यूएसबी किंवा वेब-ब्लूटूथ (साईटला यूएसबी वा ब्लूटूथ उपकरणाशी बोलू देणाऱ्या सोयी) असं काही निघालं तर विषय संपला. या सोयी क्रोमच्या घराण्यातच आहेत. फायरफॉक्स आणि सफारीने त्या जाणूनबुजून घेतलेल्या नाहीत. अशी साईट क्रोम मागते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

काहीच लाल नाही आणि तरीही नकाराचा संदेश समोर आहे, तर नकार नावावरूनच आहे असं धरून पुढे जा.

सावधान: ‘हा कोड कन्सोलमध्ये टाका, साईट चालू होईल’ असं कोणी सांगितलं तर टाकू नका. त्या कोडने तुमचं लॉगिन पळवता येतं. ब्राउझर पेस्ट करण्याआधी अडवून परवानगी मागतो तो याचसाठी.

टप्पा ५: ओळख बदला, त्या साईटपुरतीच

नावावरून नकार आहे याची खात्री झाली असेल तरच हा टप्पा.

फायरफॉक्समध्ये सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे ‘क्रोम मास्क’ हे ॲड-ऑन. मोझिलाच्या (फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेच्या) ॲड-ऑन पानावरूनच घ्या, अडलेली साईट उघडा, चिन्ह दाबून त्या साईटसाठी चालू करा. बाकी साईटना तुम्ही फायरफॉक्सच दिसता. सफारीत डेव्हलप मेनूमध्ये युझर एजंटची यादी आहे. अँड्रॉइडवर साईट मोबाईललाच नकार देत असेल तर ‘डेस्कटॉप साईट’ ही चौकट पुरते.

ओळख बदलल्यावर त्या साईटच्या कुकी पुसा आणि पुन्हा लॉगिन करा. हे न केल्याने बरेच जण अपयशी ठरतात. काही साईट लॉगिनच्या वेळची ओळख लक्षात ठेवतात. मध्येच ती बदललेली दिसली की चोर समजून बाहेर काढतात.

अबाउट:कन्फिग या फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंग्जच्या पानावर जाऊन ‘जनरल डॉट युझरएजंट डॉट ओव्हरराइड’ लिहायचा सल्ला अजून फिरतो. तो घेऊ नका. ती ओळख सगळ्या साईटना जाते आणि तिच्यातला आकडा गोठून राहतो. आज क्रोमचा ताजा आकडा लिहिलात, तर वर्ष-दोन वर्षांनी फायरफॉक्स नवा असूनही निम्म्या साईट तुम्हाला ‘जुना क्रोम’ म्हणून हाकलतील, आणि कारण आठवणार नाही. पूर्वी कधी लिहिलं असेल तर तीच ओळ शोधून उजवीकडच्या कचरापेटीच्या चिन्हाने काढून टाका.

ओळख बदलूनही नकार आला तर दोन शक्यता. एक, साईट ती ओळ न बघता क्रोम घराण्याचे ‘क्लायंट हिंट्स’ (ब्राउझर स्वतःबद्दल वेगळी पाठवतो ती माहिती) तपासते आणि फायरफॉक्स ते पाठवतच नाही. दोन, ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारणारी पडताळणी मध्ये आहे. ती सांगितलेलं नाव आणि ब्राउझरचं प्रत्यक्ष वागणं यांची सांगड घालते. विसंगती दिसली की पडताळणीचं चक्र थांबतच नाही. अशा वेळी ओळख मूळ करा आणि टप्पा ६ ला जा.

तपासणी: दार उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. खरा अर्ज सादर करण्याआधी या तीन गोष्टी करून पाहा: फाईल चढते का, पावतीची वेगळी खिडकी उघडते का, तारखेचा रकाना नीट आहे का. महिन्याच्या रकान्यात तर हमखास फसगत होते. ‘एप्रिल २०२५’ निवडायची यादी क्रोममध्ये दिसते. संगणकावरच्या फायरफॉक्स आणि सफारीत तिथे नुसता रिकामा चौकोन असतो. त्यात आधी वर्ष, मग आडवी रेघ, मग दोन अंकी महिना लिहावा लागतो, आणि तोही इंग्रजी अंकांत. २०२५-०४ या क्रमाने. लोक ०४/२०२५ लिहितात आणि अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत येतो.

टप्पा ६: कामापुरता दुसरा ब्राउझर

कुवतीवरून नकार असेल तर हाच सरळ रस्ता, आणि यात हार-जीत काही नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा यांचं इंजिन एकच आहे, ब्लिंक. त्यामुळे ‘क्रोमच हवा’ म्हणणारी साईट यांपैकी कशातही चालायला हवी. विंडोज १० आणि ११ वर एज आधीपासून असतो, तेव्हा वेगळं काही उतरवायची गरजच नाही. उलट, ब्रेव्हमध्ये अडलं म्हणून क्रोम घेतला तर इंजिनात फरक पडत नाही. पडतो तो ब्रेव्हच्या ढालीमुळे. ती त्या साईटसाठी खाली करा.

दुसरा ब्राउझर पहिल्यांदा उघडताना तो दोन प्रश्न विचारतो. मुख्य ब्राउझर करू का, याला नाही म्हणा. पासवर्ड आणि बुकमार्क आणू का, यालाही नाही. ज्या दोन-चार साईट अडतात तेवढ्यांचेच बुकमार्क त्यात ठेवा. त्यात एक्स्टेन्शन टाकू नका, नाहीतर टप्पा ३ पुन्हा करावा लागेल.

विंडोज ७ वरच्यांना हा टप्पा फारसा उपयोगी नाही. तिथे क्रोम आणि एज दोन्ही १०९ वर थांबलेले आहेत. मशीन ६४-बिट आणि ४ जीबी रॅमचं असेल तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून त्यावर ताजा फायरफॉक्स चालवणं हे जुन्या विंडोजला ठिगळं लावण्यापेक्षा बरं. मात्र डिजिटल सहीच्या टोकनचं (सही साठवलेल्या यूएसबी काडीचं) काम असेल तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहा.

टप्पा ७: उलटा प्रकार, जुनाच ब्राउझर मागणाऱ्या जागा

सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचा जुना डीव्हीआर, आणि ॲक्टिव्ह-एक्स या इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या जोडणीवर चालणाऱ्या काही जुन्या कार्यालयीन साईट. यांना इंटरनेट एक्सप्लोररच लागतो आणि तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. जुनी इन्स्टॉलर फाईल शोधू नका. एजमध्ये आयई मोड आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

१. एजमध्ये सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर. तिथे ‘अलाउ साईट्स टू बी रीलोडेड इन इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ यापुढे ‘अलाउ’ निवडा आणि एज रीस्टार्ट करा.

२. त्याच पानावर खाली आयई मोडच्या पानांची यादी आहे. तिच्यात पूर्ण पत्ता घाला. डीव्हीआर असेल तर सुरुवातीच्या एचटीटीपीसकट त्याचा आयपी पत्ता. लॉगिननंतरचं पान वेगळ्या पत्त्यावर असेल तर तेही घाला.

३. ती नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. ‘गेल्या महिन्यात चालत होतं, आता नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

सावधान: आयई मोड नेमून दिलेल्या साईटपुरताच. त्यात ईमेल, बँक, इतर काहीही उघडू नका.

डिजिटल सहीचं दुखणं वेगळं आहे. पूर्वी सही पानात चालणाऱ्या जावा ॲप्लेट या छोट्या प्रोग्रॅमने व्हायची; ते क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद पाडले. आता सही एका सहायक प्रोग्रॅममधून होते. तो तुमच्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत बसतो आणि साईट त्याच्याशी बोलते. म्हणून क्रम असा: आधी टोकन लावा, मग सहायक प्रोग्रॅम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करा, शेवटी ब्राउझर. क्रोममध्ये चालतं आणि फायरफॉक्समध्ये नाही, असं झालं तर प्रमाणपत्र बघा. फायरफॉक्स विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःची ठेवतो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सर्टिफिकेट्सखाली, तुम्ही टाकलेल्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायची चौकट आहे, ती भरलेली हवी. नव्या क्रोममध्ये साईट ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागते. सवयीने ‘ब्लॉक’ दाबलंत तर सहीचं बटण मुकं होतं.

टप्पा ८: तक्रार, पण कामाची

‘तुमची साईट चालत नाही’ एवढ्यावर कोणी काही करत नाही. तक्रारीत हे द्या: पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कन्सोलमधली पहिली लाल ओळ, आणि ओळख बदलल्यावर साईट चालली की नाही. शेवटची बाब सर्वांत वजनदार. ‘याच फायरफॉक्सने नाव क्रोम सांगितलं तर अर्ज शेवटपर्यंत भरला जातो’ असं लिहिलंत की अडचण त्यांच्या एका तपासणीच्या ओळीत आहे हे त्यांच्या प्रोग्रॅमरला लगेच कळतं. स्क्रीनशॉट जोडताना आधार, पॅन, खाते क्रमांक झाकायला विसरू नका.

फायरफॉक्समध्ये मेनूतच ‘रिपोर्ट ब्रोकन साईट’ आहे. तिथून गेलेल्या तक्रारींवर मोझिला कधी कधी स्वतःच उपाय करते: ठरावीक साईटसाठी ओळख बदलण्याची किंवा कोड दुरुस्त करण्याची सोय ब्राउझरमध्येच घालते. अबाउट:कॉम्पॅट हा पत्ता टाकलात तर अशा साईटची यादी दिसते. तुमची साईट त्यात असेल आणि तरीही अडत असेल, तर तेही तक्रारीत लिहा.

सरकारी साईट असेल तर राज्याच्या ‘आपले सरकार’ तक्रार पोर्टलवर, केंद्राची असेल तर सीपीग्राम्स या केंद्राच्या तक्रार पोर्टलवर. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि साईट वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासून घेण्याची अपेक्षा त्यांत आहे. तिचा उल्लेख एका वाक्यात करा. शेवटच्या तारखेच्या आत नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. मुदत हुकली तर हाती तोच एक कागद असतो.